मंगळवारी बंद, गुरुवारी कासव : एका संगणकात दुसरी विंडोज चालवताना परत परत येणारी अडचण

आधी लक्षण सांगतो. संगणकावर विंडोज ११ प्रो, त्यात व्हर्च्युअलबॉक्स (संगणकाच्या आत दुसरा, आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) आणि त्याच्या आत विंडोज एक्सपी. ही आतली एक्सपी कधी सुरूच होत नाही. कधी सुरू होते, पण स्टार्टचं बटण दाबून चहा सांगावा, चहा पिऊन व्हावा आणि मग मेनू उघडावा, अशी. दुरुस्त केलं की थोडे दिवस सुरळीत, मग पुन्हा तेच रडगाणं. तुमच्याकडे असंच होत असेल तर दुसरं सॉफ्टवेअर उतरवायच्या आधी हे वाचा. मी उलट क्रमाने गेलो आणि तीन रविवार फुकट घालवले.

ठाण्याला नौपाड्यात आमचं छपाईचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, वास्तुशांत, बिलबुकं. पंधरा-वीस वर्षांची पेजमेकरची (पानं जुळवायचं जुनं सॉफ्टवेअर) जुनी कामं एका हार्ड डिस्कवर पडून आहेत. ती युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहेत, त्यामुळे नव्या संगणकावर उघडली की ‘श्री गजानन प्रसन्न’च्या जागी टिंबं, कंस आणि डॉलरची चिन्हं दिसतात. ज्या टायपिंग सॉफ्टवेअरवर ती केली ते यूएसबीची डोंगल लावल्याशिवाय उघडत नाही, आणि त्या डोंगलचा ड्रायव्हर ३२ बिटचा. ६४ बिटच्या विंडोजवर ३२ बिटचा ड्रायव्हर चढतच नाही, कंपॅटिबिलिटी मोडच्या कितीही खुणा करा. नवीन पत्रिका आम्ही नव्या पद्धतीनेच करतो. पण “थोरल्याच्या लग्नात केली होती तशीच धाकट्याची करा” असं म्हणत गिऱ्हाईक जुनी पत्रिका पुढे करतं, तेव्हा एक्सपी उघडावीच लागते.

तर तुळशीचं लग्न लागलं, पत्रिकांची रांग लागली आणि नेमका तेव्हाच हा प्रकार सुरू झाला.

मी काय काय केलं ते आधी सांगतो, म्हणजे तुम्ही ते करणार नाही. एक्सपीची मेमरी ५१२ एमबीवरून १ जीबी केली, मग २, मग ३. प्रोसेसरचा एक कोअर दिला होता तिथे चार दिले. एक्सपी एका कोअरवर बसवलेली असली तर नंतर वाढवून दिलेले कोअर ती वापरतही नाही, हे मला मागाहून कळलं. वरच्या विंडोजकडे एकूण ८ जीबी. त्यातले ३ काढून घेतल्यावर तीही धापा टाकू लागली. व्हर्च्युअलबॉक्स काढून पुन्हा टाकलं. त्यानंतर दोन दिवस ठीक चाललं, म्हणून मी खूश. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

या सगळ्याला वळण दिलं ते आमच्याकडे डीटीपी करणाऱ्या ताईंनी. त्यांना या विषयातलं काही कळत नाही असं त्या स्वतःच म्हणतात. एका गुरुवारी त्या म्हणाल्या, “दादा, आज पुन्हा कासव आलंय.” मला वाटलं, संगणक हळू चालतोय म्हणून म्हणतायत. त्यांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. एक्सपीच्या खिडकीच्या तळाला, उजव्या कोपऱ्यात हार्ड डिस्क, माउस वगैरेंची बारीक चित्रं असतात. त्या रांगेत एक हिरवं कासव होतं. अक्षरशः कासव. मी इतके दिवस ते पाहिलंच नव्हतं.

“आणि मंगळवारी नसतं कासव,” त्या पुढे म्हणाल्या, “मंगळवारी उघडतच नाही.”

आमचं दुकान सोमवारी बंद असतं.

तेव्हापासून काउंटरवरच्या वहीत रोज एक ओळ लिहायला लागलो : वार, एक्सपी कशी चालली, कासव आहे की नाही, आणि भाच्याचं काय चाललंय. भाचा इथे कुठून आला तर तो ऐरोलीला इंजिनीअरिंगला आहे. कॉलेज सुटलं की ट्रान्स-हार्बरने ठाण्याला येतो आणि संध्याकाळी दुकान आवरलं की याच संगणकावर त्याचा लिनक्सचा अभ्यास करतो. त्याचा स्वतःचा लॅपटॉप मुळात दमेकरी आहे. त्याला विचारलं की ठरलेलं उत्तर : “मामा, मी काहीच नाही केलं.” हे उत्तर खोटं नव्हतं, हे आधीच नोंदवून ठेवतो.

तीन आठवड्यांची वही समोर ठेवली तेव्हा दिसलं की हा एक आजार नाहीच. दोन आहेत, आणि तिसरा माझ्या औषधाचा परिणाम आहे.

एक्सपी आणि भाच्याचं लिनक्स दोन्ही अडलेले दिवस : हे मंगळवारी. एक्सपी हळू, कोपऱ्यात कासव, पण भाच्याचं लिनक्स व्यवस्थित चाललेलं : हे त्याने आदल्या संध्याकाळी काम केलेलं असेल त्याच्या दुसऱ्या दिवशी. आणि एक्सपी पळतेय पण भाचा कुरकुरतोय : हे मी ‘दुरुस्ती’ केली त्या संध्याकाळी. कोण अडलंय एवढ्यावरून कारण कळतं. दोघंही अडले तर बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणारं मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर, बघायचं. फक्त जुनी विंडोज अडली तर हायपर-व्ही, म्हणजे व्हर्च्युअलबॉक्ससारखंच विंडोजमधलं सॉफ्टवेअर. फक्त लिनक्स अडलं तर कोणीतरी हायपर-व्ही बंद केलंय, बहुधा तुम्हीच.

हे असं का होतं ते थोडक्यात. एका संगणकात दुसरा संगणक चालवायचा तर प्रोसेसरची एक खास सोय लागते. इंटेलने ती २००५ मध्ये आणली, नाव व्हीटी-एक्स. एएमडीने २००६ मध्ये, नाव एएमडी-व्ही, आणि बायोसमध्ये तिचंच नाव एसव्हीएम असं दिसतं. पूर्वी ही सोय नसली तरी व्हर्च्युअलबॉक्स ३२ बिटची विंडोज स्वतःच्या युक्तीने चालवायचं. आमच्या आधीच्या संगणकाच्या प्रोसेसरमध्ये ती सोयच नव्हती आणि एक्सपी तरी मजेत चालायची. डिसेंबर २०१९ मध्ये आलेल्या ६.१ आवृत्तीपासून ती जुनी युक्ती काढून टाकली. तेव्हापासून प्रोसेसरची सोय नाही तर काहीच नाही. “आधी तर चालायचं, आताच काय झालं” याचं हे उत्तर. मला ते कुणी दिलं नाही, म्हणून इथे देतो.

आता ही सोय म्हणजे सोसायटीच्या गच्चीची चावी समजा. चावी एकच. मायक्रोसॉफ्टचं हायपर-व्ही संगणक सुरू होतानाच, विंडोजच्याही आधी, ती चावी खिशात टाकतं. मग वरची विंडोज स्वतःच भाडेकरू होऊन बसते. नंतर आलेल्या व्हर्च्युअलबॉक्सला गच्चीवर जायचं तर दर वेळी हायपर-व्हीच्या मार्फत जावं लागतं. २०१८ च्या अखेरीस आलेल्या व्हर्च्युअलबॉक्स ६.० पर्यंत असं मार्फत जाणंही शक्य नव्हतं, सरळ चूक दाखवून थांबायचं. आता थांबत नाही, मार्फत जातं, आणि तसं जातंय हे कळावं म्हणून कोपऱ्यात कासव दाखवतं. या कासवाला कितीही गवत घाला, म्हणजे मेमरी आणि कोअर द्या, त्याचा ससा होत नाही.

आणि “आमच्याकडे विंडोज होम आहे, त्यात हायपर-व्ही नसतंच” असं म्हणून हा विषय सोडू नका. होममध्ये हायपर-व्हीची स्वतःची व्यवस्थापनाची खिडकी नसते हे खरं. पण त्याच्या पोटातलं यंत्र ‘व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म’ या नावाने होममध्येही असतं. विंडोजमधलं लिनक्स, म्हणजे डब्ल्यूएसएल २, त्याच्यावर चालतं. डॉकर डेस्कटॉप हे प्रोग्रामरांचं साधन सहसा त्याच डब्ल्यूएसएलवर चालतं. आणि विंडोज सिक्युरिटीच्या ‘डिव्हाइस सिक्युरिटी’, ‘कोअर आयसोलेशन’मध्ये ‘मेमरी इंटेग्रिटी’ नावाच्या संरक्षणाची खूण असते, ती चालू असली तरी हेच यंत्र चालू होतं. नव्या संगणकांवर ती बरेचदा आधीपासूनच चालू असते. त्यामुळे भाचा “मी काहीच नाही केलं” म्हणायचा ते त्याच्या परीने बरोबरच होतं. त्याने लिनक्स बसवायची एक आज्ञा दिली. चावी कुणी घेतली हे त्याला कोण सांगणार?

तपासायचं कसं? टास्क मॅनेजरवर विसंबू नका. तिथे परफॉर्मन्समध्ये सीपीयूखाली ‘व्हर्च्युअलायझेशन : एनेबल्ड’ लिहिलेलं असतं, पण त्याचा अर्थ एवढाच की बायोसमध्ये सोय चालू आहे. चावी कुणाकडे आहे हे त्यावरून कळत नाही. मी याच ओळीवर पहिला रविवार घालवला. त्याऐवजी कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘सिस्टीमइन्फो’ ही आज्ञा द्या, इंग्रजी अक्षरांत, एक शब्द. शेवटी हायपर-व्हीची ओळ येते. तिथे चार बाबींपुढे येस-नो आलं तर चावी मोकळी आहे. ‘अ हायपरवायजर हॅज बीन डिटेक्टेड’ असं वाक्य आलं तर चावी गेलेली आहे. चार बाबी आल्या पण त्यातल्या ‘व्हर्च्युअलायझेशन एनेबल्ड इन फर्मवेअर’समोर नो असेल तर गडबड बायोसमध्ये आहे. दुसरी खूण व्हर्च्युअलबॉक्सच्या लॉगमध्ये मिळते : मशीनवर राइट क्लिक, ‘शो लॉग’, आणि त्यात ‘फॉल बॅक टू एनईएम’ शोधा. सापडलं की समजायचं, मार्फत जाणं सुरू आहे.

पहिला आजार : मंगळवार

मंगळवारी व्हर्च्युअलबॉक्स सांगायचं की एएमडी-व्ही बायोसमध्ये बंद आहे. भाच्याच्या डब्ल्यूएसएलची चूकही त्याच अर्थाची, शेवटी ८०३७०१०२ आकडा असलेली. मी बायोसमध्ये जाऊन एसव्हीएम चालू करायचो आणि पुढच्या मंगळवारी ते पुन्हा बंद. बायोसच्या सेटिंग आपोआप का बदलाव्यात? कुणीतरी मुद्दाम करतंय असंही एकदा मनात येऊन गेलं. कुणाला, ते सांगत नाही.

उत्तर घड्याळात होतं. मंगळवारी सकाळी संगणकाची तारीख कधीतरी मागची, भलत्याच वर्षाची असायची. इंटरनेट जोडलं की ती आपोआप बरोबर व्हायची, म्हणून कुणाच्या लक्षात आली नव्हती. ताईंच्या आली होती : “बिलावर जुनं साल छापलं गेलं होतं दादा, मी हाताने खोडून दिलं.” तारीख आणि बायोसच्या सेटिंग, दोन्ही मदरबोर्डवरच्या एका छोट्या सेलवर टिकून असतात. रात्री आम्ही संगणक नुसता शटडाऊन करतो, मेन स्विच चालूच असतो, म्हणून मेलेला सेलही निभावून जायचा. रविवारी रात्री मात्र सोमवारच्या सुट्टीमुळे मेन स्विच खाली करून जातो. पस्तीसेक तास वीज नाही, सेलमध्ये दम नाही, त्यामुळे बायोस सगळं विसरून कारखान्यातल्या सेटिंगवर यायचं. आणि आमच्या बोर्डाच्या कारखान्यातल्या सेटिंगमध्ये एसव्हीएम बंद.

सेलचं नाव सीआर २०३२. रुपयाच्या नाण्यासारखा, २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. नावातले आकडे तेच सांगतात. नवा असताना ३ व्होल्ट. आमचा मल्टिमीटरवर २.४ च्या आसपास निघाला. जांभळी नाक्याजवळच्या घड्याळवाल्याकडे मिळाला. संगणकाचा पार्ट म्हणून विचारत फिरायची गरज नाही, घड्याळवाल्याकडे किंवा गाडीच्या चाव्या करणाऱ्याकडे हमखास असतो. बदलताना वीज बंद करा, वायर काढा, केसच्या पत्र्याला हात लावा. सेलच्या कडेला एक बारीक क्लिप असते, ती नखाने बाहेर ढकलली की सेल टुणकन वर येतो. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नका, बोर्डावर ओरखडा जातो. लिहिलेली, अधिकची बाजू वर ठेवून नवा सेल दाबायचा. मग सुरू होताना डिलीट दाबून बायोस, प्रगत सीपीयू सेटिंग, एसव्हीएम एनेबल, सेव्ह. इंटेलच्या बोर्डावर ‘इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ शोधायचं.

एक सावधगिरी. डिस्कवर बिटलॉकर चालू असेल तर बायोसला हात लावण्याआधी ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. बायोस बदललेलं पाहून विंडोज ती मागू शकते, आणि मागते तेव्हा संगणक उघडलेला नसतो.

पहिला आजार तिथेच संपला.

दुसरा आजार : कासव

याला सेलसारखं सोपं औषध नाही, कारण इथे बिघडलेलं काहीच नाही. दोघांना एकच चावी हवी आहे, एवढंच. मी आधी कंट्रोल पॅनलमधून ‘विंडोज फीचर्स’ उघडून व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्मची खूण काढायचो. संध्याकाळी भाचा त्याचं लिनक्स चालत नाही म्हणून ती परत द्यायचा. दोघंही आपापल्या परीने संगणक दुरुस्तच करत होतो. असे दीड-दोन महिने गेले.

या टप्प्यावर मी सॉफ्टवेअरची तुलना करायला लागलो. ती सुरुवातीला केली असती तर काही उपयोग नव्हता. आता नेमकं काय हवंय हे माहीत होतं.

हायपर-व्हीच वापरावं, म्हणजे चावीचं भांडणच नको, हा पहिला विचार. प्रोमध्ये ते मिळतं आणि वेगळे पैसे नाहीत. लिनक्स किंवा नवीन विंडोज आत चालवायची असेल तर मी आज तेच सुचवीन. पण आतल्या मशीनला यूएसबीचं उपकरण थेट जोडून देण्याची सोय त्यात नाही. आमची डोंगल आत दिसलीच नाही तर एक्सपी घेऊन काय करायचं? तासाभरात हा पर्याय बाद.

व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो पूर्वी विकत घ्यावं लागायचं. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर घेतल्यावर मे २०२४ मध्ये ते वैयक्तिक वापराला फुकट झालं आणि नोव्हेंबर २०२४ पासून धंद्यासाठीही. उतरवायला ब्रॉडकॉमच्या संकेतस्थळावर खातं काढावं लागतं. तेही २०२० पासून हायपर-व्हीच्या मार्फत चालायला शिकलंय. आमच्या संगणकावर हायपर-व्ही चालू ठेवून त्यात एक्सपी टाकून पाहिली. व्हर्च्युअलबॉक्सच्या कासवापेक्षा बरी चालली, पत्रिका उघडून छापण्याइतकी नक्कीच. डोंगलही दिसली. एकाच संगणकावर लिनक्स आणि जुनी विंडोज अशी दोन्ही दिवसभर लागत असतील, मध्येच रीस्टार्ट करायला सवड नसेल, तर माझं मत व्हीएमवेअरला. एक अट : आतल्या मशीनच्या आत आणखी मशीन चालवायचं असेल, त्यासाठीची ‘व्हर्च्युअलाइझ’ची खूण केली असेल, तर हायपर-व्ही चालू असताना ते मशीन सुरू होत नाही. खूण काढा, चालतं.

मग आम्ही व्हर्च्युअलबॉक्सवरच का राहिलो? खरं सांगायचं तर ताईंमुळे. त्यांना ती खिडकी, ती बटणं, ‘होस्ट की’ म्हणजे उजवा कंट्रोल, हे सगळं सवयीचं आहे, आणि लग्नसराईत कुणाची सवय मोडू नये. शिवाय आम्हाला दोन्ही एकाच वेळी लागत नाहीत : दिवसा छपाई, संध्याकाळी अभ्यास.

व्हर्च्युअलबॉक्स दुकानात वापरणाऱ्यांनी परवान्याची एक बाब लक्षात ठेवा. मूळ सॉफ्टवेअर मुक्त आहे, धंद्यालाही चालतं. त्याच्यासोबत वेगळं मिळणारं ‘एक्स्टेंशन पॅक’ मात्र फक्त वैयक्तिक, शैक्षणिक आणि चाचणीच्या वापराला फुकट आहे. पूर्वी यूएसबी २.० साठी ते टाकावं लागायचं आणि लोक डोळे झाकून टाकायचे. २०२२ च्या ७.० आवृत्तीपासून यूएसबी २ आणि ३ दोन्ही मूळ सॉफ्टवेअरमध्येच आहेत. डोंगलसाठी पॅक लागत नाही. आम्ही ते काढून टाकलं.

डोंगलबद्दल आणखी थोडं, कारण अर्धे लोक इथेच अडतात. एक्सपीला यूएसबी ३ चा ड्रायव्हर नसतो. मशीनच्या सेटिंगमध्ये यूएसबी ३ निवडलं तर डोंगल आत गेल्यासारखी वाटते पण एक्सपीला दिसत नाही. यूएसबी २ निवडा. मग त्याच पानावर अधिकच्या चिन्हाने डोंगलचं फिल्टर तयार करा, म्हणजे मशीन सुरू होताच ती आपोआप आत जाईल. डिस्कचा कंट्रोलर आयडीईच ठेवा. साटा केलात तर एक्सपी सुरू होताना निळा पडदा दाखवते, कारण तिला तोही ड्रायव्हर माहीत नाही. आणि नेटवर्क ‘नॉट अटॅच्ड’. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला, तिला इंटरनेट दाखवू नका. पीडीएफ बाहेर काढायला शेअर्ड फोल्डर पुरतं.

बाकीच्यांचं थोडक्यात. ज्यांच्या संगणकावर मुळातच लिनक्स आहे त्यांनी व्हर्च्युअलबॉक्सच्या मागे लागू नये. लिनक्सच्या गाभ्यात (कर्नलमध्ये) हेच काम करणारं केव्हीएम २००७ पासून आहे, त्यावर ते हाताळायची खिडकी म्हणून व्हर्ट-मॅनेजर टाका. यूएसबीही आत देता येते. व्हर्च्युअलबॉक्सच हवं असेल आणि कर्नल ६.१२ किंवा पुढचा आल्यावर ते अचानक बंद पडलं असेल, तर तिथेही भानगड चावीचीच आहे. त्या कर्नलपासून केव्हीएम लोड होतानाच चावी घेतं, आधी गरज लागली तरच घ्यायचं. केव्हीएमचं मॉड्यूल उतरवलं की व्हर्च्युअलबॉक्स चालतं. ॲपलच्या एम मालिकेच्या मॅकवर एक्सपी या मार्गाने चालणार नाही, कारण प्रोसेसरच वेगळ्या जातीचा. यूटीएम हे मॅकवरचं सॉफ्टवेअर जुन्या प्रोसेसरची नक्कल करून ती चालवू शकतं, पण त्या वेगात पत्रिका करायची म्हणजे साखरपुड्याला घेतलेलं काम बारशाला द्यायचं.

आता आम्ही काय केलं ते. विंडोज सुरू होताना दोन पर्याय दिसतील असं केलं : एकात हायपर-व्ही चालू, दुसऱ्यात बंद. विंडोज एकच, फायली त्याच, फक्त सुरू होण्याची पद्धत दोन प्रकारची. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा. पॉवरशेलमध्ये महिरपी कंसांवरून गोंधळ होतो, म्हणून कमांड प्रॉम्प्टच. पहिली आज्ञा : बीसीडीएडिट, जागा, स्लॅश कॉपी, जागा, महिरपी कंसात करंट, जागा, स्लॅश डी, जागा, आणि अवतरणात नव्या पर्यायाचं नाव. ती दिली की महिरपी कंसातला एक लांबलचक क्रमांक परत मिळतो. तो माउसने निवडून कॉपी करा, हाताने लिहायला जाऊ नका. दुसरी आज्ञा : बीसीडीएडिट, स्लॅश सेट, तो क्रमांक कंसासकट, हायपरवायजरलाँचटाइप, ऑफ. हायपरवायजरलाँचटाइप हा सगळा एक जोडशब्द, मध्ये जागा नाही. झालं. यापुढे ‘विंडोज फीचर्स’मध्ये कुणीही हात घालायचा नाही. तिथलं सगळं चालूच राहू द्यायचं.

यातही मी एकदा फसलो. दुसऱ्या पर्यायातून सुरू केलं तरी कासव दिसलं. विंडोजच्या ‘फास्ट स्टार्टअप’मुळे शटडाऊन म्हणजे खरं शटडाऊन नसतं, आतला गाभा झोपवून ठेवतात आणि सकाळी तोच उठवतात. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’मध्ये जाऊन ती खूण काढली. ती काढायची नसेल तर दर वेळी शटडाऊनऐवजी रीस्टार्ट करून पर्याय निवडा.

हायपर-व्ही बंद असलेल्या पर्यायात मेमरी इंटेग्रिटीचं संरक्षणही बंद असतं, हे लपवत नाही. म्हणून छपाईच्या वेळी त्या संगणकावर मेल आणि ब्राउझर उघडायचं नाही असा आमचा नियम आहे. गिऱ्हाइकाचे फोटो दुसऱ्या संगणकावर येतात. कार्यालयाने दिलेला संगणक असेल तर मात्र यातलं काही करू नका. तिथे ही संरक्षणं बरेचदा कुलूप लावून दिलेली असतात, वरच्या आज्ञेने ती उघडत नाहीत, आणि उघडली तर बोलणी तुम्हाला खावी लागतील. तिथे व्हीएमवेअर चालू द्यायला सांगणं बरं.

आणि हे सगळं करण्याआधी एक्सपी बंद करून तिचं अख्खं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. स्नॅपशॉट (मशीनच्या त्या क्षणाच्या स्थितीची नोंद) घेतलाय म्हणजे बॅकअप झाला असं नाही. स्नॅपशॉट त्याच फोल्डरमध्ये, त्याच डिस्कवर असतो. डिस्क गेली की दोन्ही गेले.

सुरुवातीच्या पडद्यावर आता दोन नावं येतात, ‘छपाई’ आणि ‘अभ्यास’, इंग्रजी अक्षरांत लिहिलेली. दहा सेकंदांत काही निवडलं नाही तर ‘छपाई’ सुरू होते. भाच्याने एकदा विचारलं, “मामा, आपोआप ‘अभ्यास’ सुरू होईल असं नाही का करता येणार?” करता येतं. केलं नाही.

सेल बदलल्याची तारीख केसच्या आतल्या बाजूला पांढऱ्या पट्टीवर लिहून ठेवली आहे. ताई अजूनही मंगळवारी सकाळी पहिलं काम म्हणून आधी कोपऱ्यातलं घड्याळ बघतात, आणि मग कासव.